पोरखेळ म्हणून सोडू नकोस

भावा, काळातून फिरणाऱ्या परग्रहवासी ‘डॉक्टर’ची ब्रिटिश टीव्ही मालिका ‘डॉक्टर हू’ २००५ च्या पर्वापासून बघायला घेतलीस, लई भारी! फक्त चौथ्या भागात पादणारे परग्रहवासी दिसले की ‘हा पोरखेळ हाय’ म्हणून टीव्ही बंद करू नकोस. त्याच गोष्टीच्या पुढच्या भागात डॉक्टरसोबत फिरणाऱ्या रोझची आई डॉक्टरला विचारते, माझी पोरगी तुझ्यासोबत सुखरूप राहील का? त्याला उत्तर देता येत नाही. मघापर्यंत खिदळणारी आमची राजारामपुरीतली पोरं तिथं चिडीचूप झाली. १९६३ पासून ही मालिका अख्ख्या घरासाठीच बनते, आणि मनमोकळं हसलेलं पोरगंच पुढं खरं घाबरतं, असं मला वाटतं. मग सहाव्या भागातला साखळदंडातला एकटा डालेक, म्हणजे डॉक्टरचा धातूच्या कवचातला जुना वैरी, बघ. धाकटी बहीण शेजारी असेल तर दिवा चालू ठेव.