सेन्सर बदलण्याआधी हवा कुठून घुसतेय ते बघा

प्रश्न: माझी २०१४ ची पेट्रोल सेडान आहे, एअर फ्लो सेन्सरवाली (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर). चेक इंजिन लाइट लागलाय, कोड पी०१७१. सिग्नलला आरपीएम वरखाली होतो, सकाळी गाडी झटके देते. ब्लूटूथ स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती, टक्क्यांत) आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +२२ आणि २५०० आरपीएमला +५ दिसतो. गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. का ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत, निम्मं निदान त्यातच आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी, पण ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सरच बिघडलाय असं त्यावरून ठरत नाही. +२२ म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नेहमीपेक्षा २२ टक्के जादा पेट्रोल सोडून तूट भरून काढतोय.

आयडलला इतका ट्रिम आणि रेस दिल्यावर कमी, हे बहुतेक व्हॅक्यूम लीकच. एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय, आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं त्यामुळे तेवढी चोरटी हवा खूप भारी पडते आणि रेस दिली की एकूण हवेत ती मुरून जाते. फ्युएल पंप कमजोर किंवा फिल्टर चोक असता तर उलटं दिसलं असतं, आयडलला ठीक आणि घाट चढताना ट्रिम वर. ई२० ने ट्रिम थोडा वर सरकतो हे खरं, पण तो आयडलला आणि रेसला सारखाच सरकेल, असा फरक नाही पडणार.

एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) जो रबरी पाइप आहे तो हाताने वाकवून घड्यांच्या आत चिरा बघा, वरवर बघून त्या दिसत नाहीत. मग पीसीव्ही होज (इंजिनच्या आतले वायू परत हवेच्या वाटेत नेणारा पाइप), ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा) होज, मॅनिफोल्ड गॅस्केट (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं सील) बघा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) मारून लीक शोधायच्या भानगडीत कृपया पडू नका, आग लागते, त्यापेक्षा स्मोक टेस्ट (हवेच्या वाटेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

ऑक्सिजन सेन्सरची शंका असेलच तर इंजिन गरम करून स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज बघत एकदा जोरात रेस देऊन सोडा, ०.८ व्होल्टच्या वर जाऊन पटकन ०.२ च्या खाली आलं तर सेन्सर जिवंत आहे. लीक बंद केल्यावर कोड क्लिअर करा, काही दिवस चालवा, ट्रिम ±१० च्या आत आला पाहिजे. पण हे लांबवू नका, मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) वाढला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतो.