फिल्म ताणलेली चांगली की वाईट?

प्रश्न : आमचं लालबागला घरगुती चिवडा-फरसाणचं काम आहे. चंदेरी मेटलाइज्ड रोल मस्जिद बंदरहून आणतो. दुकानदार म्हणतो ही फिल्म ताणून बनवलेली असते म्हणून हवा आत जात नाही. पण आमच्या मशिनवर रोल जरा जास्त खेचला गेला की त्या पाकिटांतला चिवडा लवकर खवट होतो, पाकीट कुठे फाटलेलं नसतं, सीलही पक्कं असतं. मग ताण चांगला की वाईट?

उत्तर : ताई, दुकानदार खरं सांगतोय आणि तुमचं निरीक्षणही एकदम बरोबर आहे, फक्त हे दोन ताण वेगळे आहेत. फॅक्टरीत पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, फिल्म गरम असताना ताणतात, आधी लांबीत साधारण ५ पट, मग रुंदीत ८-९ पट, आणि अशी दोन्ही दिशांना ताणलेली पीपी म्हणजेच बीओपीपी. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, गुंतलेल्या केसांतून फणी फिरवावी तशा त्या सरळ होऊन जवळजवळ बसतात, घट्ट रचलेले भाग वाढतात, आणि ऑक्सिजनला वाट मिळते ती उरलेल्या ढिल्या भागांतूनच. त्यामुळे तेवढ्याच जाडीची न ताणलेली फिल्म जास्त हवा सोडते. पॉलिएस्टरचंही तेच.

पण नुसती बीओपीपी ओल छान अडवते, चिवडा सादळू देत नाही, ऑक्सिजनपुढे मात्र ती कमी पडते आणि तेल खवट होतं ते ऑक्सिजननेच. तो अडवतो वरचा अॅल्युमिनियमचा थर. १२ मायक्रॉनच्या साध्या पॉलिएस्टरमधून दिवसाला चौरस मीटरमागे साधारण १००-१२० घनसेंमी ऑक्सिजन जातो, मेटलाइज्ड केलं, म्हणजे हा थर चढवला, की तो १-२ वर येतो, एवढा फरक! आणि हा थर इतका पातळ की असे वीस-पंचवीस हजार थर एकावर एक ठेवले तर कुठे १ मिलिमीटर होईल.

आता मशिनवर हीच फिल्म थंड असताना खेचली की प्लास्टिक लांबतं पण धातूला तेवढं लांबता येत नाही, काही टक्के ताणातच त्याला बारीक भेगा पडतात. फिल्म अख्खी दिसते, सील धरतं, आणि ऑक्सिजन आरामात आत. नायट्रोजन भरत असाल तर तोही असाच बाहेर जाणार.

अंधाऱ्या खोलीत रोलवरचा कोरा तुकडा आणि कॉलरवरून (मशिनचा जो भाग फिल्मला पाकिटाचा आकार देतो) आलेला तुकडा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघा. दुसऱ्यात उजेडाच्या रेषा किंवा पांढुरके पट्टे जास्त दिसले तर थर गेलाय. काहीच दिसलं नाही तरी भेगा असू शकतात, म्हणून रोलचा ब्रेक ढिला कराच, आणि कॉलरच्या कडेला ओरखडा आहे का ते बोट फिरवून बघा. पुढचा रोल घेताना मेटलाइज्ड थर दोन फिल्मच्या मध्ये असलेलं लॅमिनेट मागा, त्यात तो घासला जात नाही, पण जास्त खेचलंत तर भेगा त्यालाही पडतील.