हिप रिप्लेसमेंटनंतरचा रक्तस्राव आणि चिनी औषधं: तुमचे प्रश्न

प्रश्न: वडिलांचं हिप रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात आहे. भाऊ शांघायला असतो, त्याने युनान बायाओची बाटली पाठवलीय. तिकडे रक्त थांबवायला सर्रास देतात म्हणे. देऊ का?

उत्तर: सर्रास देतात हे खरंय. 1902 साली युनान प्रांतातल्या छू ह्वानचांग नावाच्या वैद्याने ही पावडर काढली, फॉर्म्युला आजही सरकारी गुपित आहे, पण मुख्य जिन्नस सानछी, म्हणजे जिनसेंगच्या जातीची एक मुळी, हे सगळ्यांना माहितीये. बाटलीत वर कापसात एक बारकी लाल गोळी असते, ती मोठ्या जखमेसाठी राखून ठेवलेली, उगाच कुतूहल म्हणून कुणी तोंडात टाकू नका. शिवाय यात आपल्या बचनागाच्या कुळातलं एक मूळही असतं, ते लेबलवर लिहिलं नव्हतं म्हणून 2013 मध्ये हाँगकाँगने युनान बायाओची काही उत्पादनं बाजारातून परत मागवली होती. बचनागाचं विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं, आणि हिप बदलायच्या वयाला बीपी-हार्टच्या गोळ्या बहुतेकांना चालू असतातच.

सानछीची गंमत म्हणजे तिच्यातला एक घटक रक्त गोठायला मदत करतो आणि दुसरे काही घटक प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. चिनी वैद्य हाच तिचा मोठेपणा सांगतात, रक्त थांबवते पण गुठळी राहू देत नाही. ऐकायला छान आहे, पण वडिलांच्या शरीरात कुठली बाजू जोर करेल हे कोण सांगणार? हिपच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती असते म्हणून रक्त पातळ करायचं औषध साधारण 35 दिवसांपर्यंत देतात, त्यात ही भर नको. चीनमध्ये यावर चाचण्या झाल्यात, पण बऱ्याचशा छोट्या, एकेका हॉस्पिटलातल्या, त्यांच्या भरवशावर मी तरी घरी देणार नाही. बाटली कपाटात ठेवा, आणि आधीच थोडी दिली असेल तर भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

प्रश्न: सर्जन म्हणाले रक्त फारसं गेलं नाही, मग आईचं हिमोग्लोबिन 12.8 वरून तिसऱ्या दिवशी 9.6 कसं?

उत्तर: ऑपरेशनमध्ये रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीत दिसतं तेवढंच रक्त जात नाही. बरंचसं मांडीच्या स्नायूंत आणि सांध्याभोवती मुरतं, मांडी सुजते, काळीनिळी पडते, ते हेच. शिवाय सलाईनमुळे रक्त पातळ होतं. 8 च्या खाली गेलं किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणं असं काही असलं तर रक्त द्यायचा विचार होतो. 9.6 ला घाबरू नका, पण दोन-तीन दिवसांनी परत तपासा.

प्रश्न: मी सिंगापूरला असते. शेजारच्या आंटी सासूबाईंना ऑपरेशननंतर रक्त भरायला हुआंगछी-डांगग्वेईचा काढा द्या म्हणतात.

उत्तर: जुना काढा आहे, तेराव्या शतकातल्या ली तुंगयुआन यांचा, पाच भाग हुआंगछीला एक भाग डांगग्वेई, दोन्ही चिनी औषधी मुळ्या. अशक्तपणावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात, आंटींचा हेतू चांगलाच आहे. अडचण डांगग्वेईची, वॉरफरीन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी घेऊन सर्जनकडे जा, आणि तिथल्या नोंदणीकृत चिनी वैद्यांनाही तीच यादी दाखवा. रक्त भरायचंच असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून लोह द्या, खरं तर हे ऑपरेशनच्या महिनाभर आधी करायला हवं, आपल्याकडेही नेमकं तेच राहून जातं.

प्रश्न: मग रक्त थांबवायला नेमकं काय देतात?

उत्तर: ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं, 1962 मध्ये प्रसिद्ध केलं. झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, स्वस्त आहे, बहुतेक वेळा शिरेतून 1 ग्रॅम देतात. चीनमधल्या हॉस्पिटलांतही हिपसाठी हेच वापरतात. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, फिट्स येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस त्यावर ठरतो.