पावसात गाडीत पाणी साचतंय, पण शिरतंय कुठून?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: जुनी हॅचबॅक, सोसायटीत झाडाखाली उघड्यावर उभी असते, जूनपासून डाव्या पुढच्या सीटच्या पायाशी पाणी साचतंय. गॅरेजवाल्याने दोनदा पुढच्या काचेभोवती सिलिकॉन मारलं, पैसे घेतले, पाणी तसंच.

तिसऱ्यांदा सिलिकॉन मारू देऊ नका. पाणी जिथे दिसतं त्याच्या हातभर लांबून, कधी वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत, ते आलेलं असतं. आणि बऱ्याचदा गाडीला नवीन भोक पडलेलंच नसतं, पाणी बाहेर जायची मूळची भोकं बुजलेली असतात. वायपरखालच्या जाळीत आणि दरवाजाच्या पोटात पावसाचं पाणी जातंच, ते खालून निघून जाईल अशी सोय कंपनीने केलेली असते. ती सोय तुंबली की पाणी केबिनमध्ये येतं.

आधी पाणी कसलं आहे ते बघा. पांढरा टिश्यू दाबून धरा. हिरवट किंवा गुलाबी डाग आला, हाताला चिकट-बुळबुळीत लागलं, वास गोडसर असेल तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, म्हणजे हीटरची जाळी गळतेय. कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरलेली असेल. साबणाचा वास आला तर मागच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरची नळी कुठेतरी निसटलीय. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर दोनच शक्यता: एसी किंवा पाऊस.

एसीची परीक्षा फुकट आहे. कोरड्या जागी एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा (मोकळ्या हवेत, बंद बेसमेंटमध्ये नको) आणि बोनेटच्या मागच्या टोकाखाली बघा. मुंबईच्या दमट हवेत तिथे थेंबांची धार लागायला हवी. तासाभरात अर्धा-एक लिटर सहज पडतं. खाली कोरडं आणि आत ओलं, किंवा वळण घेताना डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू येत असेल, तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. खालून मऊ नायलॉनची दोरी घालून ती मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, आत कूलिंग कॉइल जवळच असते. पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा गंजरोधक थर) करून घेतलं असेल तर या नळीचं तोंड आणि दरवाजांची भोकं त्याच काळ्या थराखाली गेलेली असू शकतात, तेही तपासा.

एसी निर्दोष ठरला की ग्लव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) बाहेर ओढा. तुमच्या बाबतीत मला इथेच सगळ्यात जास्त संशय आहे. फिल्टर भिजलेला किंवा वाळलेल्या पाण्याच्या डागांचा असेल तर पाणी वायपरखालच्या पन्हळीतून ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) तोंडातून आत येतंय. बऱ्याच गाड्यांत ते तोंड डाव्या बाजूलाच असतं. गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की जाळीतून सरळ आत पडतात आणि कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकाशी काळ्या चिखलाचा लगदा होतो. वायपर आणि प्लास्टिकची जाळी काढून तो लगदा हाताने उपसा. मग मग्याने पाणी ओता: ते दोन्ही पुढच्या चाकांच्या मागून झटकन खाली पडलं पाहिजे. एका बाजूने रेंगाळलं तर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतला चिखलही काढावा लागेल.

इथेही सापडलं नाही तर पाण्याची चाचणी. त्याआधी दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला, कारण खालचा फोम लिटरभर पाणी धरून ठेवतो आणि ओल्या फोमवर नवा थेंब दिसत नाही. पत्रा कोरडा पुसून त्यावर आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) टाल्कम पावडर भुरभुरा, तिच्यात ओघळ उमटतो. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून घेतली तरी चालतं. जोरदार फवारा नकोच, तो नसलेल्या गळत्या दाखवतो. खालून सुरुवात करा: आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. गाडी रोज उतारावर उभी असेल तर चाचणीही त्याच कलात करा.

दाराला पाणी घालताना उंबरा ओला झाला, तर डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा. आत प्लास्टिकचा पडदा असतो. स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवताना तो फाडतात, नाहीतर नीट न चिकटवता सोडतात. तो ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पुन्हा चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोटातच वळलेली ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरलं तर पत्रा गंजतो. दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा.

फायरवॉलवरून ओघळ आला तर बाहेरून टाकलेली वायर शोधा. फॉगलॅम्प किंवा हॉर्नसाठी रबरी ग्रॉमेटला (वायरच्या भोकातल्या बुचाला) चिरा देऊन वायर ओढतात, आणि पाणी तिच्यावरून आत चालत येतं. पुढची काच कधी बदलली असेल आणि पाणी तिथूनच येत असेल, तर काच काढून पीयू (पॉलियुरेथेन) अ‍ॅडेसिव्हने पुन्हा बसवणं हाच उपाय. आधीचं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढायला सांगा, त्यावर पीयू धरत नाही. छतावरचा अँटेना आणि मोल्डिंगच्या पट्टीखालची सांधही बघून घ्या. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांच्या नळ्या तपासा, पण कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतून निसटते.

हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावरच कार्पेट ओलं होत असेल तर वरचं काही तपासत बसू नका; फ्लोअरचे रबरी बूच आणि दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बघा.

सीट काढायची वेळ आली तर बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबा आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. फोम बाहेर काढून पंख्याखाली वाळवा. या हवेत तो गाडीतल्या गाडीत वाळत नाही, बुरशी धरतो. आणि दुरुस्तीनंतर लगेच कार्पेट बसवू नका. एक मुसळधार पाऊस उघड्या पत्र्यावर जाऊ द्या, पावडर कोरडी राहिली तरच सगळं परत लावा.