आधी चारा बघा, मग जात ठरवा

प्रश्न : पंचवीस शेळ्यांचा बंदिस्त गोठा बांधून होत आला आहे. जमनापारी, बोअर आणि सानेन या तिघींत अडकलो आहे. एक जात सांगा.

उत्तर : वर्षभर चारा कोणता आणि किती मिळणार, आणि विकायचं काय आहे, दूध, मांस की पैदाशीची जनावरं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात त्यावरच ठरते. गोठा आधी बांधून मग जात शोधणं मला उलटं वाटतं.

या तिघींत साम्य फारसं नाही. जमनापारी मूळची उत्तर प्रदेशातल्या इटावा भागातली, यमुना-चंबळच्या घळींतली. उंच, बाकदार नाकाची, लांब लोंबत्या कानांची. हिंडत हिंडत झुडपांचा पाला ओरबाडायची तिला सवय आहे. चोवीस तास कोंडून ठेवली तर मानवत नाही. बोअर दक्षिण आफ्रिकेत मांसासाठी निवड करत घडवलेली. वाढ झपाट्याची, पण ती खुराकाच्या जोरावर. सुक्या कडब्यावर बोअरचं वजन भरेल अशी आशा धरू नका. सानेन स्वित्झर्लंडची, दुधाला अव्वल, पण फिकट कातडीमुळे कडक उन्हात तिचे हाल होतात.

पूर्ण बंदिस्त गोठ्यासाठी मी बारबरीचा विचार करेन. लहान चण, उभे कान, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. बांधून ठेवलेली चांगली मानवते. उष्ण, कोरड्या भागात थोडं चरणं आणि थोडा गोठ्यातला चारा अशी अर्धबंदिस्त पद्धत असेल तर उस्मानाबादी घ्या. बहुतेक काळी, काटक, दुष्काळी पट्ट्यातच तयार झालेली आणि जुळी देण्यात चांगली.

माझं ठाम मत असं, की शेळ्या तुमच्या हवेत टिकलेल्याच घ्याव्यात आणि कळप सुधारायचा तो बोकडातून. एका शेळीचा वाटा तिच्या दोन-तीन करडांपुरता असतो, बोकडाचा मात्र प्रत्येक करडात निम्मा. म्हणून बोकड जुळ्यातला निवडा, त्याच्या आईची कास आणि दूध डोळ्यांनी बघा, दोन्ही अंड सारखे आहेत ना ते हाताने चाचपा. पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. त्याच्या स्वतःच्या पाटी, म्हणजे वयात येणाऱ्या मादी करडं, माजावर यायच्या आत तो बदला, नाहीतर सगोत्र पैदाशीने पुढची करडं खुरटी निघू लागतात. आणि पंचवीस शेळ्या एकदम आणू नका. आठ-दहांनी सुरुवात करा. एक वेत हाताखालून गेलं की तुमचं तुम्हालाच पुष्कळ कळेल.

प्रश्न : खरेदी करताना शेळीचं वय विक्रेता सांगेल तेच खरं मानावं लागतं. आपल्याला कसं ओळखता येईल?

उत्तर : ओठ बाजूला करून खालचे पुढचे दात बघा. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते. खाली आठ दात असतात. मधले दोन दुधाचे पडून मोठे, रुंद दात आले की शेळी साधारण एक ते दीड वर्षाची. चार दाती म्हणजे दोनच्या आसपास, सहा दाती म्हणजे अडीच-तीन, आठही आले की चारच्या घरात. पुढे दात झिजतात, त्यांत फटी पडतात. दोन किंवा चार दाती घेणं उत्तम.

पण दातांवर थांबू नका. अंगठ्याने खालची पापणी हळूच ओढून आतली बाजू बघा. लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची दाट शक्यता. जबड्याखाली मऊ सूज असेल तर ती शेळी तिथेच सोडा. कासेच्या दोन्ही बाजू दाबून गाठ लागते का बघा. शेपटीखाली हगवणीचे डाग आहेत का, नाक वाहतंय का, तेही बघा. घरी आणल्यावर किमान तीन आठवडे वेगळी बांधा. पीपीआरसारखे (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) रोग कळपात शिरतात ते बहुधा नव्या जनावराबरोबरच.

प्रश्न : सगळ्यात गुटगुटीत दोन करडं एका रात्रीत गेली. आदल्या संध्याकाळी व्यवस्थित खात होती. कुणी विष घातलं असेल का?

उत्तर : तुमचं दुःख समजतं, पण कुणावर संशय घेण्याआधी आंत्रविषाराचा विचार करा. या रोगाचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडेफार असतात. अचानक जास्त धान्य पडलं, पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत पोटभर मिळालं किंवा दूध फार झालं, की ते भराभर वाढतात आणि विष तयार करतात. जास्त खाणारं, सुदृढ करडूच आधी बळी पडतं ते यामुळे.

खात्री शवविच्छेदनातूनच होते, तेही लवकर झालं तर. पुन्हा असं घडलं तर करडू पुरण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. बाकीच्यांना पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी मात्रा लागते. गाभण शेळीला विण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचली, तर चिकातून करडाला संरक्षण मिळतं. अट एवढीच, की जन्मल्यावर पहिल्या तासाभरात करडू चीक प्यायलं पाहिजे. खुराक बदलायचा तो आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा वाढवत.

प्रश्न : शेळ्या आणि मेंढ्या एकाच गोठ्यात चालतील का?

उत्तर : चालतील, पण गव्हाणी वेगळ्या ठेवा. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि ती त्यानेच मरू शकते. शेळीला मात्र तांबं जास्त लागतं. शेळीसाठी किंवा गाई-म्हशींसाठी केलेलं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. जंत दोघींचे बरेचसे तेच असल्यामुळे जंतनियंत्रण एकत्रच करा.

प्रश्न : आमच्या मेंढ्यांना नेहमी एकच कोकरू होतं. जुळी देणारी मेंढी खरंच असते का?

उत्तर : असते, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. बंगालच्या सुंदरबन भागातली गारोल ही चिमुकली मेंढी सहज दोन-तीन कोकरं देते. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीतही हाच गुण आहे. दोघींतही एकाच जनुकातला तोच बदल आहे, हे पुढे स्पष्ट झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलमधलं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. अंगाने दख्खनी, कोकरं मात्र जास्त. हे जनुक असलेला मेंढा आणलात तर त्याच्या पुढच्या पिढीच्या माद्यांत फरक दिसेल. तुमच्या आत्ताच्या मेंढ्या त्याने जुळी देऊ लागणार नाहीत.

जुळी पोसायची तयारी आधी करा. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातल्या कोकरांची बहुतेक वाढ होते, तेव्हा खुराक वाढवा. नुसत्या उघड्या रानावर हिंडणाऱ्या मेंढीला दोन कोकरांपुरतं दूध सुटत नाही आणि दुसरं कोकरू बहुधा हातचं जातं. चारा बेताचाच असेल तर एका धडधाकट कोकरावरच समाधान माना, मेंढा बदलू नका.