२ नोव्हेंबरला सिमेंट्रीत जाऊ की नको? नगरहून वसईत आलेल्या एकीचं उत्तर

तुझी पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. वयाने मोठी आहे म्हणून एकेरीवर येते, राग मानू नकोस. नगरकडचं प्रॉटेस्टंट माहेर, वसईचं कॅथलिक सासर. सासूबाई सप्टेंबरात गेल्या. आता घरात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, आणि २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सिमेंट्रीत कबरीवर प्रार्थना. वडील पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळावर, ते म्हणतात मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेला उभी राहिलीस तर विश्वास सोडलास. नवरा म्हणतो, ‘नुसती येऊन उभी राहा ना.’ आणि तू विचारतेस की पर्गेटरी, मेल्यानंतर शुद्ध होण्याची ती कल्पना, बायबलमध्ये कुठे आहे आणि मरियेपुढे गुडघे टेकणं ही मूर्तिपूजा का नाही. पोस्टवरचं नाव झाकलं तर ही बावीस वर्षांपूर्वीची मीच.

आधीच सांगते, मी पाळक नाही, फादरांकडून शिकलेली नाही, वकील तर मुळीच नाही. अजून प्रॉटेस्टंटच आहे. खाली लिहिलंय ते भोगून आणि नंतर वाचून कळलेलं. तारण, कृपा, विश्वास वगैरे तुला मी सांगायला नको.

पहिलं म्हणजे वचनांची लढाई बंद कर. मी ती दोन वर्षं लढले. आमच्या चुलत सासऱ्यांनी मला त्यांच्या बायबलातलं २ मक्काबी हे पुस्तक, १२वा अध्याय काढून दाखवला. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, तर त्यांचा यहुदी सेनापती यहूदा मक्काबी वर्गणी काढतो, चांदीची सुमारे २००० द्राख्मा नाणी, आणि त्यांच्या पापासाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवतो. मी माझं पवित्र शास्त्र उघडलं तर पुस्तकच नाही! मी म्हटलं, तुम्ही घुसडलंय. ते म्हणाले, तुम्ही काढलंय. आमची पुस्तकं ६६, त्यांची ७३. आपल्या प्रॉटेस्टंट वाटेची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने १५३४च्या आपल्या बायबलात ही पुस्तकं वेगळी काढून ठेवली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत म्हणून. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली ती शास्त्रच आहेत असं ठरवून टाकलं. तेव्हा ‘बायबलमध्ये कुठे आहे’ हा प्रश्न तू टाकलास की समोरचा पहिल्यांदा विचारणार, कुठल्या बायबलमध्ये? तू लूक २३:४३ काढशील, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. ते १ करिंथ ३ काढतील, जिथे माणसाचं काम अग्नीने पारखलं जातं आणि तो स्वतः तरतो, पण जणू अग्नीतून. संध्याकाळ जाईल, चहा गार होईल.

त्यापेक्षा पर्गेटरी, म्हणजे शुद्धिस्थान, याबद्दल ते नक्की काय मानतात ते बघ. मी समजत होते की ती काठावर पास-नापास झालेल्यांची फेरपरीक्षा. तसं नाही. १९९२च्या त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात सरळ लिहिलंय की देवाच्या कृपेत मेलेल्यांचं तारण पक्कंच असतं, उरते ती शुद्धी. पोप दुसऱ्या जॉन पॉलनी तर १९९९ साली सांगितलं की ती जागा नव्हे, अवस्था आहे. त्यामुळे ‘बाबा तारले गेले ना, मग प्रार्थना कशाला?’ हा माझा हुकमी प्रश्न त्यांना लागतच नव्हता. त्यांचं उत्तर, तारले गेलेच, म्हणूनच. खरा वाद पुढे आहे: ख्रिस्ताच्या वधस्तंभानंतर शुद्ध करायला काही उरतं का, आणि आपल्या प्रार्थनेने, मिस्साने (ही त्यांची चर्चमधली मुख्य उपासना) गेलेल्याला काही मदत होते का. ते हो म्हणतात. मी अजून नाही म्हणते. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, ३९ कलमांतलं २२वं कलम तर या शिकवणीला शास्त्राचा आधार नसलेली पोकळ कल्पना म्हणतं. ‘अगं, शेवटी सगळं एकच’ असं कुणी समजावायला आलं तर ऐकू नकोस. एकच नाहीये. तसं म्हटलं की तुझ्या वडिलांचाही अपमान आणि गेलेल्या सासूबाईंचाही.

गंमत बघ, १५१७मध्ये ल्यूथर भांडला तो पर्गेटरीच आहे की नाही यावर नाही, तिच्या नावाने चाललेल्या, पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवर. पर्गेटरी त्याने पार नाकारली ती १५३०च्या सुमाराला. आणि ट्रेंटने १५६३ साली पर्गेटरी उचलून धरली खरी, पण त्याच आदेशात बिशपांना बजावलं की साध्या लोकांपुढे अवघड कीस काढू नका, आणि अंधश्रद्धेचा किंवा हलक्या कमाईचा वास येईल ते थांबवा. वडिलांना हे जरूर सांग. ‘पैसे भरून स्वर्गात’ असं ते म्हणतील तेव्हा कामाला येईल. मिस्साची देणगी ही किंमत नाही, त्यात व्यापाराची छटासुद्धा नको, असं त्यांच्या कायद्यातच आहे. प्रत्यक्षात काही घरांत ‘आमच्या बाबांच्या इतक्या मिस्सा झाल्या’ अशी मोजणी चालते, ते मला आजही खटकतं. असो.

आता मूळ गोष्ट. माझी चूक.

सासरे गेले तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. ते जाऊन महिना झाल्याची मिस्सा ठरली. मी घाबरलेली, कारण माझं सभासदत्वाचं पत्र तेव्हा नगरहून इकडच्या एका चर्चच्या ऑफिसात यायचं होतं. नाव लिहीत नाही, आमच्याच बाजूचं ऑफिस, कॅथलिकांचं नव्हे. मी फोन केला. पलीकडे जे कोणी होते त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला: ‘मृतांच्या मिस्साला बसलात तर प्रभुभोजन बंद होईल, आणि पत्राचंही मग बघावं लागेल.’ प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत आपण चर्चमध्ये घेतो ते, ते बंद म्हणजे बाहेर काढल्यासारखंच. मी विचारलं नाही की हे कुठे लिहिलंय. तुमचं पद काय, हेही नाही. नवऱ्याशी बोलले नाही. माहेरी विचारलं नाही. पाळकांना भेटलेसुद्धा नाही. फोन ठेवला आणि ठरवलं.

त्या संध्याकाळी सगळे चर्चमध्ये गेले आणि मी मुलीला कडेवर घेऊन बाहेर, सायकली लावतात तिथे उभी राहिले. पोर रडतंय असा बहाणा होता, पण पोर झोपलेलं होतं हे सगळ्यांनी पाहिलं. लाउडस्पीकर बाहेरही होता. सर्वांच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सात एकेकाने पुढे येऊन चिठ्ठीवरून वाचायच्या त्या, सुरू झाल्या आणि तिसऱ्या प्रार्थनेला माझं नाव पुकारलं. सासूबाईंनी मला न सांगता यादीत घातलं होतं, मला मान म्हणून. मी हलले नाही. आत शांतता. पुन्हा एकदा नाव. मग नणंदेचा आवाज आला, तिने वाचलं.

ती चिठ्ठी तिने नंतर माझ्या हातात दिली, एक शब्द न बोलता. त्यात पर्गेटरी नव्हती, मरिया नव्हती, सासऱ्यांचं नावही नव्हतं. शेवटच्या आजारपणात ज्या नर्सेसनी त्यांची सेवा केली त्यांच्यासाठी ती प्रार्थना होती. नगरच्या आमच्या देवळात दर रविवारी अशीच होते. मी ती कुठेही, कुणापुढेही वाचली असती.

सासूबाई त्यानंतर माझ्याशी वाईट कधीच वागल्या नाहीत. नुसत्या पाहुणी असल्यासारख्या वागायला लागल्या. ‘तुला चालत असेल तर’ असं प्रत्येक वाक्याआधी. ते सहा वर्षं टिकलं.

तीन वर्षांनी नवे पाळक आले, त्यांना मी हे सांगितलं. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, असा नियम मी तरी कधी वाचलेला नाही. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, आमच्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे होते. गेलेल्यांचं नाव प्रार्थनेत घ्यावं की नाही यावर एकाच चर्चमधल्या दोन बाकांचं एकमत नसतं, तिथे फोनवर प्रभुभोजन बंद करणारे हे कोण? माणसाने स्वतःचं मत नियम म्हणून खपवलं आणि मी ते घेतलं. त्यांच्यावर राग आहे, पण स्वतःवर जास्त. उपस्थित राहणं म्हणजे कबूल करणं नव्हे, एवढी साधी गोष्ट मला सायकलींपाशी उभं राहून सुचली नाही.

(ऑफिसं कॅथलिक बाजूचीही काही कमी नाहीत. लग्नाच्या वेळी एका पॅरिश ऑफिसात मला सांगितलं की ‘पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल’. पाच महिने त्यात गेले. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा त्यांच्याच कायद्याने ग्राह्य असतो, तो परत देत नाहीत. अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते, विश्वास जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी जमेल तितकं करण्याचं वचन कॅथलिक जोडीदार देतो, आणि दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यायची असते. तुझं झालंय, पण धाकट्या बहिणीला सांगून ठेव: जे सांगाल ते लिहून द्या म्हणायचं. निम्म्या अटी तिथेच गळतात.)

मरियेबद्दल. सरसकट ‘मूर्तिपूजा’ म्हणू नकोस. मरियेला देवमाता म्हणणं हे इफिसच्या ४३१च्या परिषदेतलं आहे, आणि ल्यूथरनेसुद्धा ते सोडलं नाही. लूकमध्ये मरियेने गायलेल्या स्तोत्रावर त्याने १५२१मध्ये प्रेमाने विवेचन लिहिलंय. भांडण नंतरच्या गोष्टींवर आहे. मरिया आदिपापाशिवाय, म्हणजे माणसाच्या जन्मजात पापाशिवाय, गर्भात आली हे १८५४ साली आणि तिला देहासह स्वर्गात घेतलं हे १९५० साली पोपनी सक्तीचा सिद्धांत म्हणून जाहीर केलं. ते शास्त्रात मला सापडत नाही. तिच्याकडे मध्यस्थी मागणं १ तीमथ्य २:५च्या ‘एकच मध्यस्थ’पुढे मला टिकत नाही. ते म्हणतात, आराधना फक्त देवाची, मरियेला वंदन, आणि तू आजारी असलीस की बहिणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ सांगतेस तसंच हे. कागदावर हा फरक स्वच्छ आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्या गर्दीत तो किती शिल्लक राहतो, हा माझा प्रश्न अजून आहे. रोमलाही तो पडत असावा. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॅटिकनने लेखी सांगितलं की मरियेला ‘सह-तारक’ ही पदवी लावणं योग्य नाही. आमच्या घरात त्यावर एक अख्खं जेवण झालं आणि मी एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हटलं नाही. नोंद घ्यावी.

आणि आपल्याकडचंही बघ. आपल्याकडे मरिया नाताळच्या नाटकात येते आणि २६ डिसेंबरला ओढणीसकट ट्रंकेत जाते. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, ‘तुमच्यात येशूला आई नाही का गं?’ मला उत्तर सुचलं नव्हतं.

रोझरीचं एक तुझ्या उपयोगाचं सांगते, हे मला कुणी सांगितलं नाही. रोझरीत पुन्हा पुन्हा म्हणायच्या ‘नमो मारिया’चे दोन भाग आहेत. पहिला लूकच्या पहिल्या अध्यायातला, गब्रिएलचं अभिवादन आणि अलिशिबेचे शब्द. दुसरा, ‘आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर’ हा, वादाचा. सांगणारा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसऱ्याने उत्तर देतात. म्हणजे मागे बसलीस तर नेमकं तुला नको तेच तुझ्या वाट्याला येणार. त्यापेक्षा एखादं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगावरचा रोझरीचा भाग, सांगायला मागून घे, तुझ्या तोंडी शास्त्रच येईल. बाकीच्या वेळी गप्प बस, कुणी ओठ बघत नाही. मी हे करायला लागले तेव्हा सासूबाईंच्या वाक्यांआधीचं ‘तुला चालत असेल तर’ हळूहळू गेलं.

मिस्सात कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, रांगेत मात्र जाऊ नकोस, त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि ऐनवेळी फादरांना अवघड होतं. जागेवर बसून राहा. पुष्कळ जण बसतात.

वडिलांना फोनवर समजावू नकोस. नगरला जा, समोर बसून सांग की मी तिथे जाणार आहे, गेलेल्यांसाठी मागणार नाही, सासूबाईंबद्दल देवाचे आभार मानणार आहे. आभार मानायला दोन्हीकडे कुणाची ना नाही. ते चिडतील. माझे आठ महिने चिडले होते. आणि कुणी ‘नियम आहे’ म्हणालं, या बाजूचं किंवा त्या, तर कलम विचार.

आणखी एक, आत्ता बोलायची इच्छा नसेल तरी पॅरिशमध्ये विचारून ठेव: उद्या तुझ्यावर वेळ आली तर कुटुंबाच्या कबरीत तुला जागा मिळेल का. प्रत्येक सिमेंट्रीचं वेगळं असतं. आम्ही विचारलं तेव्हा मिळेल म्हणाले, आणि मी ते लिहून घेतलंय.

२ तारखेला संध्याकाळी सिमेंट्रीत डास फार असतात, पूर्ण बाह्यांचं घाल. मेणबत्त्या जाड घे, बारीक वाऱ्याने विझतात. आणि आदल्या दिवशी नणंदेला विचार की प्रार्थनांच्या यादीत तुझं नाव घातलंय का, आणि असेल तर चिठ्ठी आधीच मागून घे.