पोहण्याचं नैसर्गिक तळं: सुरुवातीला एवढंच सांभाळा

खोदण्याआधी जागेचे दोन भाग आखा: अर्धी पोहायला, अर्धी क्लोरीनऐवजी पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या झाडांना. बहुतेक जण इथेच कंजुषी करतात आणि पाणी हिरवं होतं.

- झाडांचा भाग 30 ते 60 सेंटिमीटर खोल. त्यात धुतलेली खडीच. काळी माती, शेणखत अजिबात नको, ते शेवाळाचं खाद्य. वाळा, कर्दळ चालेल. पाणकणीस टाळा, त्याचे टोकदार कोंब तळ्याचा प्लास्टिक कागद फोडतात.
- काठ जमिनीपेक्षा 15 सेंटिमीटर उंच, नाहीतर पहिल्याच पावसात बागेतलं खत तळ्यात.
- पंप चोवीस तास चालू. पाणी खडीतून फिरलं पाहिजे.

सुरुवातीचे काही महिने पाणी हिरवट दिसेल. घाबरून क्लोरीन, मोरचूद टाकू नका, पाणी साफ करणारे खडीतले जिवाणू मरतील. गळलेली पानं मात्र रोज जाळीने काढा. मासे? सध्या विसरा.